कापड आटलंय, असं मी सांगायची

आमच्या धंद्यात खोटं बोलावं लागतं, हे आधीच सांगून टाकते. फार मोठं नाही, एकच, पण रोजचं. बाई दुकानात येते, गेल्या वर्षी शिवलेला ब्लाऊज पुढे टाकते आणि म्हणते, "बघा हो बाई, हूकच लागंना झालंय." ब्लाऊज तोच, शिवण तीच, शिवणारीही तीच. काय बदललंय ते समोर उभं असतं. अशा वेळी लेडीज टेलरनं ब्लाऊज हातात घ्यायचा, उलटा करायचा, कापड बोटांनी चोळायचं आणि म्हणायचं, "कापड आटलंय. धुऊन धुऊन आटतंय हे असलं." बाईचा जीव भांड्यात पडतो. मग आपण दोन्ही बाजूच्या शिवणी उसवायच्या आणि पाव-पाव इंच सोडून द्यायच्या. मी जवळा बाजारला वीस-बावीस वर्षं ब्लाऊज शिवले. माझ्या हिशोबानं त्या काळात आमच्या भागात जेवढं कापड आटलं, तेवढं कुठं आटलं नसेल.

शिवणकाम मी हिंगोलीला एका क्लासात शिकले आणि नव्वदच्या आसपास दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक खोली, एक पायमशीन, एक आरसा आणि भिंतीला खिळ्यावर टेप. एप्रिलात जयंतीच्या पांढऱ्या साड्यांवरचे ब्लाऊज, त्याच्या पुढे-मागे लगीनसराई, असा उन्हाळा मान वर करू द्यायचा नाही. बाहेरच्यांना वाटतं टेलर माप घेते आणि शिवते. तसं नसतं. आमच्याकडे निम्म्या बायका अंगाचं माप देतच नाहीत. मापाचा ब्लाऊज देतात. म्हणजे जुना, बरा बसणारा एक ब्लाऊज द्यायचा आणि सांगायचं, अस्साच शिवा. तो जुना ब्लाऊज कधीचा असतो ते देव जाणे. कुणाचा पहिल्या बाळंतपणाच्या आधीचा असतो. म्हणून शहाणी टेलर आत शिवणीला कापड जास्त सोडते. त्या जास्तीच्या कापडाला आम्ही माया म्हणतो. बाकीचे अर्धा-पाऊण इंच सोडायचे, मी सव्वा सोडायची. माझा ब्लाऊज पाच-पाच वर्षं चालायचा तो त्याच्यामुळं.

एकदा औंढ्याकडची एक नवरी मुलगी आली. तब्येतीनं चांगली भरलेली. मापाचा ब्लाऊज म्हणून तिनं जो काढून दिला, तो मी हातात धरूनच म्हटलं, "अगं हा कोणाचा?"

"माझ्या मामेबहिणीचा. पण लग्नापर्यंत मी होते की तेवढी."

लग्नाला महिना होता. मी समजावून सांगितलं, तिची आई रागावली, पण पोरगी हटून बसली. पोरीनं अख्खा महिना सकाळी लिंबूपाणी, संध्याकाळी काकडी, एवढ्यावर काढला. लग्नाच्या दिवशी तिचा भाऊ सायकल दामटत मला न्यायला आला. हळदीला ती चक्कर येऊन पडली होती, सलाईन लावून उठवली होती, आणि ब्लाऊज पाठीत चार बोटं उघडाच राहत होता. वजन उतरलं होतं ते चेहऱ्यावरून, डोळे खोल गेलेले. पाठ होती तिथंच. मी बाजूच्या दोन्ही शिवणी उसवल्या, तिच्यासाठी मुद्दाम दीड-दीड इंच माया ठेवली होती ती सगळी सोडली आणि उरलेलं अंगावरच टाके घालून शिवलं. बाहेर अक्षता वाटून झाल्या होत्या. पुढे वर्षभरानं ती आली तेव्हा महिन्याभराच्या उपासाची भरपाई दुपटीनं झालेली दिसत होती. मी काय म्हटलं असेल? कापड आटलंय.

हे सगळं मी हसत सांगते आहे, कारण त्यात कोणाचं फार बिघडलं नाही. कमळच्या बाबतीत बिघडत होतं.

कमळ तांड्यावरची. गावाच्या कडेला पोरांचं एक वसतिगृह होतं, तिथं स्वयंपाकाला होती. चाळीसच्या आतली, बोलायला तिखट, हसायला लागली की दुकान हलायचं. मला अक्का म्हणायची. तिसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या बेंबीजवळ एक गोळा यायला लागला. उभी राहिली की बाहेर, आडवी झाली की आत. ती माझ्याकडे आली ती पोटाला पट्टा शिवून घ्यायला.

"दवाखान्यात दाखव की आधी."

"दाखवलं. हर्निया हाय म्हणून राहिला. परभणीला जा म्हणे मोठ्या डॉक्टरकडं."

परभणीला मी तिच्याबरोबर गेले. तिचा नवरा गोविंद ऊसतोडीला गेलेला होता. डॉक्टर मोठा सज्जन माणूस. त्यानं पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, वजन घेतलं आणि खुर्ची ओढून आमच्या समोर बसला. म्हणाला, ऑपरेशन करावं लागेल, पण आत्ता नाही. साखरही काठावर आहे आणि पोट असं ताणलेलं आहे. ताणलेल्या पोटावर टाके घातले तर ते धरणार नाहीत, वर्षात पुन्हा फाटेल. आठ-नऊ किलो उतरवून या, चार-सहा महिन्यांनी. तोवर जड उचलायचं नाही. आणि एक दिवस तो गोळा आत जायचा बंद झाला, दगडासारखा झाला, उलट्या लागल्या, तर असाल तशा निघून यायचं. आतडं अडकलं की वेळ नसतो.

कमळला त्यातलं अर्धं कळलं. मला मात्र टाक्यांचं सगळं कळलं. तंग ब्लाऊजला कितीही दुहेरी शिलाई मारा, ओढ पडली की कापडच फाटतं, हे मी रोज बघत होते. परतीच्या बसमध्ये मी तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, "मंग उतरवते की! त्यात काय एवढं?"

तिनं उतरवायला घेतलं ते सगळे घेतात तसंच. दोन वेळचं जेवण बंद. नुसता चहा आणि केळी. आठव्या दिवशी चुलीपुढे घेरी आली, हात वरणाच्या पातेल्याला लागून भाजला. मग दोन दिवस पडून राहिली आणि सासूनं तिला तूप घालून शिरा खाऊ घातला. पुढे कोणीतरी बाजारातून पुडीतलं चूर्ण आणून दिलं, त्यानं नुसती जुलाबाची तकलीफ झाली. दोन महिन्यांनी ती माझ्या स्टुलावर येऊन बसली आणि रडायला लागली. एवढी दांडगी बाई, पण पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली.

"अक्का, माझ्यानं न्हाई होत. मी अशीच मरते एक दिवशी."

तिनं अंगातला ब्लाऊज तंग होतोय म्हणून दुसरा शिवणी सोडायला आणला होता. आणि इथं माझी चूक झाली. दुसऱ्या दिवशी ब्लाऊज देताना मी बोलले नाही की शिवणी सोडल्या आहेत. उलट म्हटलं, "घालून तर बघ, मला काही करायची गरजच नाही वाटली." तिनं घातला. हूक फटाफट लागले. तिचा चेहरा असा उजळला की माझ्याच्यानं पुढचं काही सांगवेना.

हिंमत आली तर बाई नेट धरेल, असं मला वाटलं. पुढच्या महिन्यात तिनं तोच ब्लाऊज तुटलेला हूक लावायला दिला. मी हूक लावला आणि पुन्हा पाव इंच सोडला. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. ती तांड्यावर सांगत सुटली, "ढिला होऊन राहिला बगा ब्लाऊज." खाण्यात तिनं काही केलं की नाही, मी विचारलंही नाही. खोटं एकदा चालू केलं की त्याला टाके घालतच जावं लागतं, आणि माझा हात त्यात बसलेला होता.

डॉक्टरनं सांगितलेले सहा महिने संपले तशी ती परभणीला निघाली. गोविंद घरी आलेला होता. दोघांनी पिशवीत गाऊन, एक जादा ब्लाऊज, टॉवेल, तांब्या भरून घेतला, वसतिगृहातून तिनं पंधरा दिवसांची सुट्टी घेतली, पोरांना सासूकडे ठेवलं. मला म्हणाली, "ऑपरेशन करूनच येते आता." मी हसून हात हलवला. दिवसभर मशीनवर माझं मन लागलं नाही.

त्याच दिवशी दुपारी चारच्या बसनं ती परत आली. घरी गेली नाही, सरळ दुकानात. गोविंद पिशवी घेऊन बाहेरच उभा. तिनं पिशवीतून तो ब्लाऊज काढला आणि काउंटरवर उलटा करून पसरला.

"हे काय हाय, अक्का?"

मी बघितलं. जुनी शिवण उसवली की सुईची छिद्रं कापडात राहतात. एक ओळ, तिच्या शेजारी दुसरी, तिसरी. आणि जे कापड इतके दिवस आत दुमडलेलं होतं, त्याचा रंग उडालेला नसतो. काखेखाली एक बोटभर पट्टी गडद निळी होती, बाकीचा ब्लाऊज फिका. टेलरचा हात लपत नसतो, बघणाऱ्यानं बघितलं पाहिजे फक्त.

"तपासायला काढला तर खिडकीपाशी दिसलं मला. काट्यावर हुबी राहिले तर दोन किलो जास्तच हाय म्हणे. डाक्टर बोलला, बाई, तुम्ही माझा वेळ घालवायला आल्या का? माझा नवरा समोर होता. मी डाक्टरला म्हणत होते, मशीनच खराब हाय तुमचं."

"कमळे, मला वाटलं तुला धीर येईल..."

"माझ्या पोटाशी खेळलीस तू. चार महिने! तो गोळा अडकला असता तर? तवा काय म्हणली असतीस, कापड आटलं?"

मी माफी मागितली, तिनं ऐकून घेतली नाही आणि निघून गेली. ब्लाऊज तसाच काउंटरवर. मी तो घडी घालून ठेवला आणि दुकान बंद केलं. मला स्वतःची अशी लाज आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही.

तीन दिवसांनी मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. कमळ बोलेना. मी म्हटलं, बोलू नको, मी नुसती बसते. मला बघायचं होतं. टेलरला एवढं कळतं की ब्लाऊज कुठं ओढतोय ते विचारून समजत नाही, अंगावर बघावं लागतं.

पोरांच्या पंगती उठल्या. भात उरला होता, वरण उरलं होतं, पाच-सहा भाकरी होत्या. कमळ भांडी आवरायला लागली. पातेल्याच्या कडेचा भात उलथन्यानं खरवडला आणि तोंडात टाकला. वरणाच्या तळाशी राहिलेलं वाटीभर उभ्यानंच पिऊन टाकलं. कोणी अर्धी टाकलेली भाकरी कढईला राहिलेली भाजी पुसून घेऊन खाल्ली. मग पुन्हा भात. हात चालू, तोंड चालू, आणि लक्ष सगळं भांड्यांकडे. मी मोजत होते. एका माणसाचं पोटभर जेवण उभ्या-उभ्या झालं.

मी विचारलं, "जेवलीस का गं?"

"कुठं अजून? आत्ता बसन." आणि खरंच हात धुऊन, ताट वाढून घेऊन जेवायला बसली.

तिला मी खोटारडी म्हणणार नाही. तिच्या लेखी ते खाणं नव्हतंच, ते आवरणं होतं. मी तिला एकेक घास मोजून दाखवला तेव्हा ती आधी चिडली. मग म्हणाली, "फेकू कसं, अक्का? बहात्तरच्या दुष्काळात मी एवढीशी होते. याडी खडी फोडायला जायची, कामावर सुकडीचा कोरडा भुगा मिळायचा तो आमी बहिणी बोटानं चाटून खायचो. अन्न टाकायला हातच उचलत न्हाई माझा." बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला ती याडी म्हणायची, आणि आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

टाकू नको, म्हटलं मी, पण तुझं पोट म्हणजे उरलेलं भरायची बरणी नाही.

मग आम्ही दोघींनी डोकं लावलं. उपकेंद्रावरच्या सिस्टरबाईंना विचारलं. त्यांनी साध्या गोष्टी सांगितल्या. सगळ्यात आधी आपलं ताट काढून झाकून ठेवायचं, दीड भाकरी, वरण, पालेभाजी, मूठभर भात. ते बसून खायचं आणि त्यानंतर तोंडात काही नाही. चहा दिवसातून सहा-सात वेळा व्हायचा, तो दोनदा, बिनसाखरेचा. तांड्यावरून ऑटोनं यायचं बंद, चालत यायचं. उपास बिलकूल नाही. उरलेल्या अन्नाचं कमळनंच शोधलं. बाजाराच्या दिवशी निम्मी पोरं गावाकडं पळतात, हे तिला ठाऊक होतं, तरी तांदूळ रोजच्याएवढेच पडायचे. तिनं हजेरी विचारून तांदूळ काढायला सुरुवात केली. त्यातूनही उरलं तर शेजारच्या म्हातारीच्या शेळ्या होत्या. शेळीनं खाल्लेलं तिला टाकल्यासारखं वाटायचं नाही.

आणि माप मी घ्यायची. दर बाजाराच्या दिवशी, सकाळी, चहाच्या आधी, बेंबीवरून टेप. आकडा मोठ्यानं वाचायचा आणि मापाच्या वहीत तिच्यासमोर लिहायचा. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. पहिल्या दिवशी तिनं टेप माझ्या हातातून घेऊन दोन्ही टोकं तपासली.

पहिल्या महिन्यात अर्धा इंच उतरला. ती हिरमुसली. "एवढंच? एवढं तर श्वास सोडल्यावर व्हतंय."

मी तिला सांगितलं ते माझ्या कामातलंच होतं. ढगळ ब्लाऊज बसता करायचा तर एकदम दोन इंच आत मारत नाहीत. मारला तर काखेत मुंढा ओढतो, गळा वाकडा होतो, कपडा वाया जातो. अर्धा इंच घ्यायचा, अंगावर घालून बघायचा, मग पुढचा अर्धा. वेळ लागतो, पण घडी बसते.

दुसऱ्या महिन्यात पाऊण उतरला. तिसऱ्यात पुतणीचं लग्न झालं आणि पाव इंच वाढला. सवयीनं टेप थोडा ओढून धरावा असं हातालाच वाटत होतं. नाही धरला. "वाढलाय, कमळे, पाव इंच." ती म्हणाली, "ठाऊक हाय मला. बुंदी खाल्ली मी. लिव्ह."

चौथ्या महिन्यात आमचं नशीब फिरलं असंच वाटलं. भर दुपारी ती दुकानात आली ती वाकूनच. तांदळाचं पातेलं उतरवलं होतं, कोणी नव्हतं म्हणून एकटीनं. गोळा बाहेर आला होता आणि आत जात नव्हता. मी तिला चिंध्यांच्या ढिगावर आडवी केली, गुडघे उभे करून. समोरच्या दुकानदाराला ऑटो आणायला पिटाळलं. ती घामानं भिजली होती आणि माझं मनगट सोडत नव्हती. माझ्या डोक्यात एकच चालू होतं. चार महिने मी खोट्यात घालवले. ते गेले नसते तर आज हिचं ऑपरेशन होऊन गेलं असतं. काही झालं तर तिच्या तीन लेकरांना मी तोंड कसं दाखवू? ऑटो येऊन उभा राहिला तेवढ्यात ती म्हणाली, "गेला. गेला आत." तरीही आम्ही तशाच परभणीला गेलो.

डॉक्टरनं तपासलं, मग काट्यावर उभं केलं. पाच किलो उतरले होते. साखरही खाली आली होती. त्यानं जुना कागद पुन्हा पाहिला आणि विचारलं, "काय केलं तुम्ही?" कमळनं सांगितलं, "उरलेलं खायचं सोडलं." तो म्हणाला, असंच चालू ठेवा, एक महिना, पण आता जड भांड्याला हात लावलात तर मी जबाबदार नाही. त्या महिन्यात पातेलं उतरवायला गोविंद जात होता. पाच नाही, सात किलो उतरवून ती दाखल झाली. आठ-नऊ सांगितले होते, डॉक्टरनं सातावर भागवलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि गोविंद बाहेर बाकड्यावर बसलो होतो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला की पोटात मोकळीक होती म्हणून नीट काम करता आलं, तेव्हा गोविंद खाली बसला आणि डोक्याचा रुमाल काढून त्यात तोंड घालून रडला.

दहाव्या दिवशी टाके काढायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. कमळ खाटेवर बसलेली, उतरलेली, पण डोळे जागेवर. ड्रेसिंग बदलायला सिस्टरनं पट्टी काढली होती. तिनं मला जवळ बोलावलं.

"अक्का, तू बग. ह्यांना काय समजतंय? तुझा हात बसलाय यात. कशी मारलीय शिवण?"

मी चष्मा लावून वाकले. बेंबीखाली आडवी, चार बोटांची शिवण. टाक्याटाक्यातलं अंतर सारखं. कुठं ओढ नाही, कुठं चुणी नाही. दोन्ही कडा एकमेकींना नीट भिडलेल्या. दुसऱ्याच्या शिवणीला नाव ठेवल्याशिवाय माझा एक दिवस गेला नव्हता तोवर.

"आतून जाळी पण लावली म्हणे," ती म्हणाली.

"म्हणजे अस्तर," मी म्हटलं, आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"रडतीस काहून? खराब मारलीय का?"

"नाही गं," मी म्हटलं. "धरलेत टाके."